निपाणीचें दार

मुंबईकर आपल्या आवडत्या वस्तूंना जीं नांवें ठेवतात त्यांत प्रेम किती आणि कुचेष्टा किती, हें ठरविणें कठीण असतें. १९५० नंतरच्या दशकांत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून 'फियाट ११००' या नांवाची जी मोटार बाहेर पडूं लागली, तिला इटलींतील तिचे जन्मदाते 'मिलेचेंतो', म्हणजे नुसतें 'अकराशें', म्हणत. आमच्या शहरानें तिचें पुढें आलेलें नाक आणि गुबगुबीत अंग पाहिलें व तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलें. गिरगांव-दादरकडच्या ज्या डॉक्टर-वकिलांच्या दारीं ती उभी असे, त्यांनींहि हें नांव मुकाट्यानें, किंबहुना थोड्या अभिमानानें, पत्करलें. सोंवळ्यांत स्वयंपाक करणारी आमची आजीदेखील गॅलरींतून वांकून "डुक्कर आलं का रे?" असें खुशाल विचारी. आमच्या घरची ती मोटार अद्याप आमच्यापाशीं आहे. तिच्या एका दारासाठीं २०२४ च्या फेब्रुवारींत आम्ही गिरगांवांतून निघून निपाणीस जाऊन आलों, त्याची ही हकीकत.

एका दारासाठीं एवढा प्रवास कशाला, हा प्रश्न वाचकांना पडेल. तो आमच्या घरांत आधींच पडून गेला होता. "अहो, हल्ली सुईसुद्धा घरपोच येते," आमची पत्नी म्हणाली, "दार तेवढं येणार नाही?" प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर द्यावयाचें तर थोडें यंत्रशास्त्रांत शिरावें लागेल. परंतु आमची त्या शास्त्रांतील गति इतिहासाच्या प्राध्यापकास शोभेल इतकीच आहे, तेव्हां वाचकांनीं भिण्याचें कारण नाहीं.

हल्लींच्या मोटारींचीं दारें पुढच्या अंगास बिजागऱ्यांनीं टांगलेलीं असतात. दार चुकून उघडें राहिलें तर समोरचा वाराच तें मिटवूं पाहतो. डुक्कर फियाटच्या पुढच्या दारांचें सगळें याच्या उलट. त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस, दोन दारांमधल्या खांबावर. असें दार चढणाउतरणाराला फार सोयीचें. लुगडें नेसलेल्या बाईला तर विशेषच. पण चालत्या गाडींत तें बोटभर उघडलें कीं वारा आंत घुसतो आणि शिडासारखें भरून तें मागें फेंकतो. १९६४ सालीं या गाडीचा 'डिलाइट' हा पुढचा अवतार आला, त्यांत हीं दारें सरळ झालेलीं होतीं; आणि त्याच अवताराला पुढें 'पद्मिनी' हें राणीचें नांव मिळालें. पद्मिनीचे सुटे भाग मुंबईंत अजून मिळतात. कित्येक वर्षें शहरांतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणजे पद्मिनीच होत्या. त्यांतली शेवटची, वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळें, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या इंजिनाचे बरेचसे भाग आमच्या डुकराला चालतात. दार मात्र चालत नाहीं, कारण राणीचें दार एकीकडे उघडतें आणि डुकराचें दुसरीकडे. कुर्ला आणि चोर बाजार आम्हीं पालथे घातले, तेथील दुकानदारांच्या मुलांना उलटीं दारें असत हेंच ठाऊक नव्हतें.

आम्ही हें यंत्रशास्त्र वयाच्या अकराव्या वर्षीं एका क्षणांत शिकलों.

आमचे वडील लालबागला दवाखाना चालवीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. राहणें गिरगांवांत चाळींत, आणि सकाळ-संध्याकाळ फियाटनें लालबागला जाणें-येणें. १९८२ सालीं १८ जानेवारीपासून गिरण्या बंद होत्या. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर होते, आणि अण्णांचे बहुतेक रोगी त्यांतलेच. रोग कांहीं संपावर जात नाहींत. त्यामुळें लाल औषधाच्या बाटल्या पूर्वीप्रमाणें भरल्या जात, डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी पूर्वीप्रमाणें त्यांवर चिकटविली जाई. फक्त पैशांच्या जागीं वहींत नांव पडे. त्या वर्षाच्या श्रावणांत एका रविवारीं आम्ही सारीं दादरला मामांकडे निघालों होतों. पुढच्या लांब सीटवर अण्णा, मध्यें आई, दाराशीं आम्ही. मागें धाकटी बहीण. लालबागला भारतमाता सिनेमाच्या अलीकडे आम्हीं दाराची मूठ फिरविली. कां फिरविली हें आम्हांस त्या वेळीं सांगतां आलें नाहीं व पुढें चाळीस वर्षें आठवतांहि आलें नाहीं. मोठा आवाज झाला. दार मागें उलथून पदपथाच्या लोखंडी कठड्यांत अडकलें, बिजागऱ्या निखळल्या, खांब वांकला. आईनें आमचें मानगूट धरलें म्हणून आम्ही आंत राहिलों. अण्णांनीं गाडी कडेला घेतली, उतरून ते आमच्या बाजूला आले आणि म्हणाले, "हात दाखव." त्यांनीं आमचें एकेक बोट वांकवून पाहिलें. मग दार उचलून टपावर बांधलें. त्या प्रकाराविषयीं ते त्या दिवशीं किंवा पुढें कधींहि आम्हांला एक अक्षर बोलले नाहींत. ज्यांच्या वडिलांनीं चूक होतांच दोन थपडा देऊन हिशेब मिटविला, त्यांना अशा मौनाचें ओझें कळावयाचें नाहीं.

नवें दार घेण्याजोगे पैसे त्या वर्षीं नव्हते. एका गिरणीच्या यांत्रिक खात्यांतला फिटर अण्णांचें देणें लागत होता. त्याचा मुलगा विषमज्वरांतून उठला होता. तो एका दुपारीं उसना सिलिंडर घेऊन आमच्या चाळीच्या चौकांत आला. वांकलेलें दार त्यानें ठोकून सरळ केलें, फाटलेल्या जागीं पत्रा जोडला, आणि बिजागऱ्या उरल्याच नव्हत्या म्हणून चारी कडांनीं वेल्डिंग मारून तें दार गाडीच्या अंगाशीं कायमचें एकजीव करून टाकलें. अण्णांनीं वहींतलें त्याचें नांव खोडलें. तो संप कोणी रीतसर मागें घेतला नाहीं, तो विरत गेला. आणि तो फिटरहि लालबागेंतून केव्हां नाहींसा झाला तें कोणास कळलें नाहीं.

त्या दिवसापासून आई मागें बसूं लागली. चालकाच्या बाजूनें आंत शिरून स्टिअरिंगच्या चाकाखालून लुगडें सांवरीत सरकत जाणें तिला जमण्यासारखें नव्हतें. पुढें अण्णा एकटे, मागें आई, असा तो रथ चाळींतून निघे तेव्हां शेजारच्या बायका म्हणत, "डॉक्टरीणबाईंना टॅक्सी आली." आई हंसत असे. आम्हांला हंसूं येत नसे. १९९६ सालीं आम्ही महाविद्यालयांत लागलों, तेव्हां पहिल्या पगारांतून तें दार बदलून द्यावें असें आमच्या मनांत आलें. अण्णा म्हणाले, "असू दे. ते हिशेबात लागलेलं आहे." पुन्हां तो विषय काढण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. २००९ सालीं अण्णा गेले. म्हणजे सत्तावीस वर्षें आई मागें बसली.

त्यानंतर गाडी चौकांत ताडपत्रीखालीं पडून होती. मिस्त्री वर्षांतून चार वेळां येऊन ती चालूं करून जात, इतकेंच. २०२३ च्या अखेरीस चाळ पाडून तेथें मनोरा उभा करण्याचें ठरलें आणि सर्वांना जागा सोडण्याच्या नोटिसा आल्या. माणसांची सोय दादरला झाली. गाडीची सोय भंगारवाला करावयास तयार होता. त्यानें ताडपत्री वर करून नजरेनेंच तिचें वजन केलें. आमच्या एका विद्यार्थ्यानें सुचविलें कीं पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें निराळी नोंदणी मिळते, पाटीवर 'व्हीए' हीं अक्षरें येतात. पण गाडीचा सांगाडा मूळच्या स्वरूपांत हवा, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन असल्या कारणांवांचून रस्त्यावर आणतां येत नाहीं. आईला दादरला नेणें यांपैकीं कशांतच बसेना. जुनीच नोंदणी चालूं ठेवावयाची आणि चाळ सोडतांना आईनें त्या गाडींतून, पुढें बसून, जावें, असें आम्हीं ठरविलें. कोणास सांगितलें मात्र नाहीं.

मिस्त्री सत्तरीचे. परळला एका गल्लींत त्यांचें गॅरेज आहे. ते आम्हांला 'डॉक्टर' म्हणतात. पीएच. डी. आणि औषधाची बाटली यांतला फरक त्यांना कळतो, पण 'डॉक्टरांची गाडी' म्हणावयाची संवय जिभेला लागलेली; तेव्हां कोणी तरी डॉक्टर पाहिजे. आमचा बेत ऐकून त्यांनीं वेल्डिंगच्या रेघेवरून आंगठा फिरविला. "हात चांगला होता," ते म्हणाले. "कापायला जीव होत नाही." मग पंधरा दिवस त्यांनीं सगळीकडे फोन फिरविले. अखेर कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील त्यांच्या कोणा स्नेह्यानें मोबाइलवर एक चित्र पाठविलें: निपाणींत तंबाखूच्या एका वखारींत, बारदानाखालीं, इंजिन नसलेली, पण दारें शाबूत असलेली डुक्कर फियाट. मालकाची अट एकच होती. दार पार्सलनें मिळणार नाहीं. ज्याला हवें त्यानें स्वतः यावें. पत्नीच्या प्रश्नाला उत्तर मिळालें तें असें.

पहांटे चार वाजतां आम्ही आमच्या हल्लींच्या छोट्या मोटारींतून निघालों आणि लालबागला मिस्त्रींना घेतलें. त्यांच्याजवळ पान्यांची पिशवी, रॉकेलची बाटली आणि डबा. एकंदर वाट सव्वाचारशें किलोमीटरांच्या आसपास. द्रुतगती मार्गानें खंडाळ्याचा घाट असा काढला कीं घाट आला होता हें मिस्त्रींना, डुलकी मोडल्यावर, सांगावें लागलें. पुण्याला थांबलों नाहीं. पण खंबाटकीला जातांना अजून घाटच चढावा लागत होता, आणि तेथें आमची गति आपोआप मंदावली. १९७९ सालीं अंबाबाईच्या दर्शनाला निघालेली आमची फियाट याच चढावर तापली होती. बॉनेट उघडून अण्णा सदऱ्याच्या बाह्या सारून उभे, रेडिएटरवर ओलें पोतें, आणि आई दगडावर बसून मुलांना दहींभात भरवीत आहे, हें आम्हांला लख्ख आठवलें. त्या वेळीं ती पुढच्या दारानें, आम्ही गाडी थांबतांच, सर्वांच्या आधीं उतरली होती. मिस्त्रींना आम्ही हें सांगूं लागलों तर ते म्हणाले, "थर्मोस्टॅट गेला असेल." इतिहास आणि यंत्रशास्त्र यांच्यांत हाच भेद आहे.

सातारा, कऱ्हाड. गळिताचा हंगाम चालूं होता. उंसाच्या गाड्यांमागून रखडत कोल्हापूर गांठेपर्यंत दुपार झाली. कागलपुढें दूधगंगा ओलांडली आणि रस्त्यावरच्या पाट्या कानडींत गेल्या. चहावाल्याचें मराठी मात्र कागलचें तेंच निपाणीपर्यंत चालूं राहिलें. १९५६ सालीं राज्यांच्या पुनर्रचनेनें येथें रेघ ओढली, ही गोष्ट वर्गांत आम्ही दरवर्षीं नकाशावर दाखवितों. नकाशावर ती फार ठळक दिसते.

वखारींत शिरतांच तंबाखूच्या उग्र वासानें आम्हांस शिंकांवर शिंका आल्या. मालक साठीचे, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ. "या सर. लांबनं आलाय. आधी च्या घ्या, मग दाराचं बघू." चहा होईपर्यंत त्यांनीं दाराविषयीं अवाक्षर काढलें नाहीं, आई किती वर्षांची, वडील काय करीत, लालबागला गणपतीची गर्दी खरोखर तेवढी असते काय, हें विचारीत राहिले. गाडी त्यांच्या वडिलांची. १९८१ सालीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते; एप्रिलांत गोळीबार झाला, माणसें मेलीं. "आबा व्यापारी. शेतकरी रस्त्यावर बसलाय आणि व्यापारी मोटारीतनं फिरतोय, हे बरं दिसत न्हाई, म्हणाले. झाकून ठेवली ती ठेवलीच. पुढं इंजिन पाण्याच्या पंपाला गेलं. दारं ऱ्हायली." मग आमच्याकडे पाहून त्यांनीं विचारलें, "गाडी चालवणार हाय, का शोभेला ठेवणार?"

"आई बसणार आहे," आम्ही म्हणालों.

त्यांनीं बारदान ओढून काढलें.

बिजागऱ्यांचे बोल्ट गंजून बसले होते. मिस्त्रींनीं त्यांवर रॉकेल सोडलें, वाट पाहिली, पुन्हां सोडलें. वखारींतल्या बायका काम थांबवून पाहूं लागल्या. पहिला बोल्ट सुटावयास पाऊण तास लागला. तिसऱ्याचें डोकें तुटलें, तेव्हां मिस्त्रींनीं जी शिवी दिली ती येथें देतां येत नाहीं. एका म्हाताऱ्या बाईनें तिला दाद दिली एवढें खरें. आम्ही दाराचें वजन अंगावर तोलून उभे होतों, कारण शेवटचा बोल्ट निघतांना दार लटकलें तर बिजागरी पिळवटते. तें दार आम्हांस वाटलें होतें त्याहून पुष्कळ जड होतें. अकराव्या वर्षीं आम्ही त्याची फक्त मूठच धरली होती. दार सुटल्यावर मालकांनीं आम्हांस तें खालीं ठेवूं दिलें नाहीं. त्यांनीं मूठ एकदां फिरवून पाहिली, काच खालीं-वर केली, आणि मग स्वतःच्या हातानें त्याला बारदान गुंडाळलें. ठरलेले पैसे त्यांनीं घेतले, दोनदां मोजले. वर गुळाची एक ढेप दिली, तिचे पैसे विचारले तर रागावले.

रात्र कोल्हापुरांत काढून सकाळीं परतलों. मागची सीट दुमडून दार आडवें निजविलें होतें आणि त्याच्या अस्तरांत मुरलेल्या तंबाखूनें सगळी मोटार भरून गेली होती. वाटेंत एके ठिकाणीं वाहनें तपासणाऱ्या शिपायानें हात केला. महाराष्ट्रांत २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. सीमेकडून येणाऱ्या, काचा उघड्या ठेवून शिंकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा त्याला संशय येणें रास्तच होतें. "काय आहे मागं?" "दार." "कशाचं?" "मोटारीचं." "मग वास तंबाखूचा कसा?" आम्ही १९८१ पासून सुरुवात करणार होतों, तेवढ्यांत मिस्त्री म्हणाले, "दाराला व्यसन आहे साहेब, मालकाला नाही." त्यानें बारदान उचकटून पाहिलें आणि हंसून जाऊं दिलें.

मुंबईंत शिरतांना लालबागच्या उड्डाणपुलावरून सरळ पुढें जातां आलें असतें. हा पूल २०११ सालीं झाला, तेव्हांपासून भारतमाता सिनेमाकडे लक्ष न देतां पुढें जाण्याची सोय आम्हांला मिळालेली आहे. मिस्त्रींना सोडावयाचें असल्यामुळें त्या दिवशीं खालच्या रस्त्यानेंच जावें लागलें.

दार बसवावयास पांच आठवडे लागले. मधला खांब सरळ करणें हेंच खरें काम होतें. मिस्त्रींनीं कापण्याचें यंत्र लावलें तेव्हां आम्ही मुद्दाम हजर राहिलों. फिटरची वेल्डिंगची रेघ सहजासहजीं तुटेना. दोन चकत्या झिजल्या. जुनें दार निघाल्यावर मिस्त्रींनीं "भंगारात टाकू?" म्हणून विचारलें, आणि आमच्या तोंडून "नको" असें निघालें. तें पत्र्याचें धूड सध्यां दादरच्या घरीं आमच्या पलंगाखालीं आहे. पत्नी केर काढतांना त्याविषयीं बोलते. तिच्या बोलण्याला आमच्यापाशीं उत्तर नाहीं. नवें दार हिरवें, गाडी करडी. रंग देण्याइतका वेळ राहिला नाहीं, कारण एप्रिलांत चाळ रिकामी करावयाची होती.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. चौकांत सगळे शेजारी निरोपाला जमले होते. ती संवयीप्रमाणें मागच्या दाराकडे वळली. आम्हीं पुढचें हिरवें दार उघडलें. तिनें त्याकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पुढें बसली. बसल्यावर पहिलें वाक्य, "वास कसला रे हा?" तिनें नाकाला पदर लावला तो भायखळ्यापर्यंत काढला नाहीं. सीटचें स्प्रिंग टोंचतें, गुडघे वर येतात, अशा तक्रारी चालूं होत्या. आम्हीं पूल सोडून खालचा रस्ता धरला. भारतमाता आलें तेव्हां गाडी जरा हळू केली आणि चाळीस वर्षें जें बोललों नव्हतों तें बोललों.

"आई, इथंच मी दार उघडलं होतं."

"मीच सांगितलं होतं तुला," आई म्हणाली. "माझा पदर अडकला होता दारात, बाहेर फडफडत होता. म्हटलं, जरा उघडून काढ."

आम्हांला क्षणभर पुढचा रस्ता दिसेना. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगायचं? यांना ठाऊकच होतं." मग थोडा वेळ थांबून, "तुला आठवत नाही होय? मला वाटलं, तुला आठवतंय."

इतिहासाच्या प्राध्यापकाला साधनांची छाननी करण्याची खोड असते. ही आठवण खरी, कीं मुलाचा चेहरा पाहून आईनें ती त्याच घटकेला घडविली, हें पडताळावयास दुसरा साक्षीदार लागतो. तो २००९ सालीं गेला. त्यांचें तें मौन आमच्यासाठीं होतें कीं आईसाठीं, हेंहि आतां कोणास विचारावें?

परळला मिस्त्री गल्लीच्या तोंडाशीं उभे होते. दाराची फट चालत्या गाडींत वाढते कीं काय हें त्यांना पाहावयाचें होतें. आईला खालीं उतरवून त्यांनीं एका बिजागरीला अर्धा फेरा दिला, दार दोनदां आपटून पाहिलें. ती पुन्हां बसली. आम्ही दार लावावयास पुढें झालों तर तिनें हात वर करून थांबविलें, पदर आंत ओढून घेतला, सगळा आला कीं नाहीं तें वांकून पाहिलें, आणि म्हणाली, "हं, आता लाव."